साबा: चारशे मीटरची धावपट्टी आणि होणार नाही म्हटलेला रस्ता

कॅरिबियन समुद्राच्या ईशान्य कडेला साबा नावाचे जेमतेम १३ चौरस किलोमीटरचे बेट आहे. तिथली माणसे त्याचा उच्चार ‘सेबा’ असा करतात. कॅरिबियन म्हटले की पांढरी वाळू, माडांच्या रांगा आणि उथळ निळे पाणी डोळ्यांपुढे येते. साबाला बारमाही वाळूचा नैसर्गिक किनाराच नाही. हे बेट म्हणजे समुद्रातून सरळ वर आलेला एक ज्वालामुखी आहे. त्याचा माथा, माउंट सीनरी, सुमारे ८७० मीटर उंच आहे, म्हणजे रायगडाहून थोडा जास्तच. पायथ्याला मात्र ना सपाट माळ, ना खाडी, ना आडोशाचे बंदर. चहूबाजूंनी कडे आणि कड्यांच्या पायाशी लाटा. लोकवस्ती दोन हजारांच्या आसपास, आणि ती सगळी डोंगराच्या खांद्यांवर वसलेल्या चार गावांत.

अशा बेटावर पोहोचायचे कसे, हा प्रश्न तिथे वस्ती झाल्यापासूनचा आहे. १९४३ पूर्वी बेटावर गाडी चालेल असा एक तुकडाही नव्हता. १९६३ पर्यंत विमानतळ नव्हता आणि १९७२ पर्यंत बोट लागायला धक्का नव्हता. आज पर्यटक सकाळी विमानातून उतरतो, टॅक्सीने गावात येतो आणि दुपारी समुद्रावर जातो. या साध्या दिनक्रमातला प्रत्येक टप्पा बेटावरच्या आजच्या वडीलधाऱ्यांच्या हयातीत, बराचसा हातांनी घडवलेला आहे. म्हणून साबाचा प्रवास समजून घेताना वेळापत्रक आणि इतिहास वेगळे काढता येत नाहीत.

राजकीयदृष्ट्या साबा नेदरलँड्सचा भाग आहे. नेदरलँड्स अँटिलीस हा जुना गट १० ऑक्टोबर २०१० रोजी विसर्जित झाला आणि साबा, सिंट युस्टेशियस व बोनेअर ही तीन बेटे नेदरलँड्सच्या विशेष नगरपालिका झाल्या. त्या दिवसापासून ज्या देशाची ओळखच सखल जमीन आहे, त्या देशाचे सर्वोच्च शिखर कॅरिबियनमधल्या या ज्वालामुखीवर आले. डच ही अधिकृत भाषा असली तरी घराघरांत, दुकानांत आणि रस्त्यावर इंग्रजीच बोलली जाते. चलन अमेरिकन डॉलर आहे, तेही १ जानेवारी २०११ पासून. युरो इथे चालत नाही.

जगातून कुठूनही निघाले तरी साबाची वाट सिंट मार्टेनवरून जाते. साबाच्या ईशान्येला सुमारे ४५ किलोमीटरवर असलेले हे बेट दोन राष्ट्रांत वाटलेले आहे: उत्तर भाग फ्रान्सचा, दक्षिण भाग डच. दक्षिणेतल्या प्रिन्सेस ज्युलियाना विमानतळावर अमेरिका, कॅनडा, पॅरिस आणि ॲमस्टरडॅमहून मोठी विमाने उतरतात. मुंबईहून जाणाऱ्याला युरोपमार्गे किंवा अमेरिकामार्गे असे दोन पर्याय राहतात. अमेरिकेत नुसते विमान बदलायचे असले तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो. ज्यांच्याकडे तो आधीपासून नाही त्यांना युरोपची वाट सोयीची, मात्र तिथेही विमान बदलण्याचे नियम देशागणिक वेगळे असतात.

व्हिसाच्या बाबतीत एक गैरसमज हमखास होतो. साबा नेदरलँड्सचा भाग म्हणून शेंगेन व्हिसा पुरेल असे वाटते, पण कॅरिबियनमधली डच बेटे शेंगेन क्षेत्राबाहेर आहेत. त्यांच्यासाठी वेगळा ‘कॅरिबियन व्हिसा’ असतो आणि तो सहाही डच बेटांना, म्हणजे अरुबा, क्युरासाव, बोनेअर, सिंट मार्टेन, सिंट युस्टेशियस आणि साबा यांना, लागू पडतो. कोणाला त्यातून सूट मिळते याचे नियम तपशीलवार आहेत. तिकीट काढण्यापूर्वी डच दूतावासाकडून ते तपासून घेणे हाच शहाणपणा. घड्याळाचे गणित सोपे आहे: साबाची वेळ भारतापेक्षा साडेनऊ तास मागे असते. मुंबईत संध्याकाळचे सात वाजलेले असतात तेव्हा तिथे सकाळचे साडेनऊ.

सिंट मार्टेनहून पुढे जाण्याचे दोन मार्ग आहेत, हवेतून आणि पाण्यावरून. विमानाचा प्रवास बारा ते पंधरा मिनिटांचा. तो करतात विनएअर या कंपनीची ट्विन ऑटर विमाने. एकोणीस आसनांचे, दोन पंख्यांचे, कॅनडात बनलेले हे विमान थोड्या जागेत उतरण्यासाठी आणि थोड्या जागेतून उडण्यासाठी प्रसिद्ध आहे. साबाला असेच विमान लागते. हुआंचो यराउस्किन विमानतळाची धावपट्टी सुमारे ४०० मीटरची आहे, प्रवासी वाहतुकीसाठी वापरली जाणारी जगातली सर्वांत आखूड. मुंबईची मुख्य धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या घरात जाते, यावरून अंदाज यावा. जेट विमान इथे उतरू शकत नाही. वैमानिकालाही साबासाठी वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते.

उतरण्याचा क्षण खिडकीतून नीट दिसतो. आधी बेट निव्वळ ढग अडकलेल्या डोंगरासारखे दिसते. उतरायला जागा कुठे असेल हे कळत नाही. मग विमान कड्याला धरून जाते. एका बाजूच्या खिडकीत खडक आणि झुडपे इतकी जवळ येतात की पाने ओळखू यावीत. मग एक वळण, आणि समुद्राच्या वर टेबलासारखा बाहेर आलेला एक सपाट तुकडा समोर येतो. दोन्ही टोकांना कडा, खाली पाणी. चाके टेकताच वैमानिक पंख्यांचा जोर उलटा फिरवतो, प्रवासी पुढे झुकतात, आणि बहुतेक वेळा धावपट्टी संपायच्या कितीतरी आधी विमान थांबलेले असते. या विमानतळाची भीतीच जास्त सांगितली जाते. प्रत्यक्षात नियमित प्रवासी सेवेत तिथे गेल्या साठ वर्षांत ही उतरण रोजची होऊन गेली आहे. बेटावरची माणसे दवाखान्याला, बाजाराला, लग्नाला याच विमानाने जातात.

त्या सपाट तुकड्याचे नाव फ्लॅट पॉइंट. ज्वालामुखीतून वाहत आलेला लाव्हा समुद्रात उतरून तिथे थिजला, म्हणून साबावर एवढीच काय ती सपाट जागा झाली. शेजारच्या सेंट बार्थेलेमी बेटावरचा वैमानिक रेमी द हॅनेन याने वरून पाहून हे हेरले आणि इथे विमान उतरवता येईल असे सांगितले. गावकऱ्यांनी धोंडे उचलून, खळगे भरून जागा हाताने साफ केली. ९ फेब्रुवारी १९५९ रोजी त्याने आपले छोटे विमान तिथे उतरवले, तेव्हा जवळजवळ सगळे बेट पाहायला जमले होते. नंतर सरकारने पक्की धावपट्टी बांधली आणि १९६३ मध्ये विमानतळ सुरू झाला. ज्यांचे नाव त्याला दिले आहे ते हुआंचो यराउस्किन हे नेदरलँड्स अँटिलीसचे मंत्री; विमानतळ पूर्ण होण्याच्या आदल्या वर्षीच त्यांचे निधन झाले.

विमान लहान, त्यामुळे सामानाचे वजन काटेकोर पाहिले जाते. वारा आणि वजन यांचा मेळ बसला नाही तर एखादी बॅग पुढच्या फेरीने येऊ शकते. औषधे, कागदपत्रे आणि एका दिवसाचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवावेत. लांबच्या प्रवासाचे विमान आणि साबाचे विमान यांच्यात भरपूर वेळ ठेवावा. सिंट मार्टेनला उशीर झाला आणि दिवसाची शेवटची फेरी चुकली, तर रात्र तिथेच काढावी लागते.

पाण्याचा मार्ग स्वस्त, पण पोटाची परीक्षा पाहणारा. सिंट मार्टेनच्या दक्षिण किनाऱ्यावरून फेरीबोट सुटते आणि साधारण सव्वा ते दीड तासात साबाच्या फोर्ट बे बंदरात येते. रोज बोट असतेच असे नाही. दिवस आणि वेळा हंगामाप्रमाणे बदलतात. या भागात वर्षभर पूर्वेकडून व्यापारी वारे वाहतात. साबाकडे जाताना वारा पाठीशी राहतो, परतताना तोंडावर येतो, म्हणून जाताना मजेत गेलेल्या माणसालाही येताना बोट लागते. ज्याला हा त्रास आहे त्याने जाताना बोट आणि येताना विमान असे ठरवले तर सफर सुखाची होते. स्वतःच्या शिडाच्या बोटीने येणारे दर्यावर्दी पश्चिमेच्या, म्हणजे वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला थांबतात. तिथे बेटाभोवतीच्या राखीव सागरी उद्यानाने कायमच्या बोया टाकल्या आहेत आणि बोट त्यांनाच बांधायची असते.

फोर्ट बेचा धक्का १९७२ मध्ये झाला. लिओ चान्स यांचे नाव त्याला दिले आहे. आता ब्लॅक रॉक्स या शेजारच्या जागी अधिक सुरक्षित बंदर बांधण्याची योजना आहे. धक्का होण्यापूर्वी मोठे जहाज दूर पाण्यात उभे राही आणि माणसे, गोणी, पेट्या छोट्या होड्यांत उतरवल्या जात. होडीवाले लाटांवर नजर ठेवून थांबत. दोन मोठ्या लाटांमध्ये थोडी उसंत मिळाली की होडी किनाऱ्याकडे रेटायची, कमरेएवढ्या पाण्यात उड्या मारून ती धरायची आणि पुढची लाट यायच्या आत माल उतरवायचा. समुद्र खवळला असेल तर जहाज तसेच पुढे निघून जाई.

किनारा गाठला तरी गाव अजून डोक्यावरच असायचे. पश्चिमेला लॅडर बे नावाची जागा आहे. तिथे खडकात कोरलेल्या सुमारे आठशे पायऱ्या सरळ वर चढतात. ‘लॅडर’ म्हणजे शिडी, आणि नाव अगदी यथार्थ आहे. कोकणातल्या पाखाडीची सवय असलेल्या पायांनाही तिथे दम लागेल. बेटावर जे काही आले, पीठ, लाकूड, पलंग, चुली, ते सगळे बायकापुरुषांनी डोक्यावर आणि खांद्यावर घेऊन वर चढवले. पियानोसुद्धा असाच वर गेला, असे तिथे सांगतात. पायऱ्या आजही आहेत, मधल्या टप्प्यावर जुन्या जकात कचेरीची पडकी दगडी इमारत उभी आहे. उतरायला सोपे वाटते. पण परत चढायचे आहे हे लक्षात ठेवून पाणी बरोबर घ्यावे आणि उन्हाची वेळ टाळावी.

हेच कडे एके काळी संरक्षणही होते. सतराव्या शतकात डच वसाहतकार इथे आले. हल्लेखोर घळीतून वर येऊ लागले की वर रचून ठेवलेले धोंडे खाली सोडून द्यायचे, ही साबाची युद्धनीती होती.

आता रस्त्याविषयी. साबावर मुख्य रस्ता एकच आहे आणि त्याचे नावही फक्त ‘द रोड’. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात डच अभियंत्यांनी बेट पाहिले आणि इतक्या उभ्या चढावर रस्ता होणार नाही असा निर्वाळा दिला. जोसेफस लँबर्ट हॅसेल या साबाच्या रहिवाशाने तो मानला नाही. हॅसेल अभियंता नव्हता. त्याने टपालाने चालणारा रस्तेबांधणीचा अभ्यासक्रम मागवला, घरी बसून शिकला आणि १९३८ मध्ये गावकऱ्यांना घेऊन काम सुरू केले. यंत्रे नव्हती. कुदळ, फावडे, घमेली आणि एकचाकी गाडे, एवढ्यावर फोर्ट बे ते द बॉटम हा पहिला टप्पा १९४३ मध्ये पुरा झाला. अंतर थोडे, पण त्याला पाच वर्षे लागली. त्या चढावर गाडीत बसून गेले की पाच वर्षे का लागली ते कळते.

गंमत म्हणजे रस्ता झाला तरी त्यावर चालायला गाडी नव्हती. पहिली जीप १९४७ मध्ये आली. ती जहाजातून काढायची कशी, हा पुन्हा तोच जुना प्रश्न. दोन होड्या एकमेकींना जोडून, वर फळ्या टाकून, त्यावर जीप उभी करून ती किनाऱ्याला आणली. १९५१ मध्ये रस्ता विंडवर्डसाइडला पोहोचला आणि १९५८ मध्ये वरच्या हेल्स गेट गावापर्यंत. विमानतळ झाल्यावर तो खाली फ्लॅट पॉइंटपर्यंत उतरला. आज बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हा सुमारे १४ किलोमीटरचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना दगड बेतून रचलेल्या भिंती आहेत. ते दगड कोणीतरी उचलून, फिरवून, नीट बसवले आहेत हे आजही नजरेला कळते. हॅसेलचे हे काम जगातल्या मोठ्या अभियांत्रिकी कामांच्या यादीत क्वचितच येते. आकाराने ते बसणार नाही, पण धैर्याने नक्की बसावे.

हा रस्ता चारही गावांना ओवून जातो. विमानतळावरून निघाले की एकामागून एक नागमोडी वळणे घेत गाडी हेल्स गेटला चढते. ‘नरकाचे दार’ हे नाव सभ्य वाटेना म्हणून कागदोपत्री गावाला झायन्स हिल म्हणतात, बोलण्यात जुनेच नाव चालते. पुढे विंडवर्डसाइड, समुद्रसपाटीपासून चारशे मीटरहून वर, नावाप्रमाणे वाऱ्याच्या बाजूला. बहुतेक निवासस्थाने, खानावळी, दुकाने आणि पायवाटांची माहिती देणारे दुकान याच गावात आहे. एका दर्यावर्दी कप्तानाच्या एकोणिसाव्या शतकातल्या घरात हॅरी जॉन्सन संग्रहालय आहे. मग छोटे सेंट जॉन्स, आणि शेवटी राजधानी द बॉटम. नावाचा अर्थ ‘तळ’ असला तरी हे गाव समुद्रापासून सुमारे अडीचशे मीटर उंचावर आहे. वाडग्यासाठी असलेल्या जुन्या डच शब्दावरून हे नाव आले असे मानतात, आणि डोंगरांनी वेढलेल्या त्या खोलगट जागेला तो अर्थ शोभतो. सरकारी कचेऱ्या, दवाखाना आणि १९९० च्या दशकात सुरू झालेले वैद्यकीय महाविद्यालय इथे आहे. द बॉटमहून एक फाटा फोर्ट बे बंदराला उतरतो, दुसरा वेल्स बेला.

चारही गावांतली घरे पांढऱ्या भिंतींची, लाल छपरांची, हिरव्या चौकटींची. लाल छपरे शोभेपुरती नाहीत. बेटावर नदी नाही, बारमाही ओढा नाही. पावसाचे पाणी छपरावरून पन्हळीने घराखालच्या टाकीत जाते आणि वर्षभर तेच पुरवायचे असते. पाहुण्याने आंघोळीला पाणी जपून वापरावे ही अपेक्षा त्यामुळेच.

विमान आणि बोट यांच्या वेळेला टॅक्सीवाले हजर असतात. कुठून कुठे किती भाडे हे ठरलेले आहे, त्यामुळे घासाघीस करावी लागत नाही. टॅक्सीवालाच बहुधा मार्गदर्शक असतो. या बेटावर सगळे एकमेकांना ओळखतात, आणि कोणत्या भिंतीचा दगड कोणाच्या आजोबांनी बसवला हेही त्याला ठाऊक असते. भाड्याने स्वतः चालवायला मोजक्या गाड्या मिळतात. वाहतूक उजव्या बाजूने आहे, भारतातल्याच्या उलट. चढ इतके तीव्र की बराच वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरवरच जावे लागते. समोरून गाडी आली तर कोणीतरी एक थांबतो आणि हात उंचावतो. पेट्रोल पंप एकच आहे, तोही खाली बंदरावर.

आणि तिसरी रीत आहे हात दाखवून गाडी थांबवण्याची. साबावर ती धोक्याची किंवा लाजेची मानली जात नाही. ती तिथली रोजची वाहतूकच आहे. गावाच्या कडेला रस्त्यालगतच्या ठरावीक भिंतीवर जाऊन बसायचे. तिथे बसलेल्या माणसाला पुढच्या गावाला जायचे आहे हे येणाऱ्याला आपोआप कळते. वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी, कामावरून घरी निघालेल्या बायका, पाठीवर पिशवी घेतलेले पर्यटक, सगळे त्या भिंतीवर असतात. पैसे कोणी मागत नाही. गाडीत बसल्यावर मात्र नाव, गाव आणि येण्याचे कारण सांगावे लागते.

रस्ता होण्यापूर्वी गावांमधली ये-जा पायवाटांवरून होती. त्या वाटा बुजल्या नाहीत. साबा कॉन्झर्वेशन फाउंडेशन या १९८७ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने त्या राखल्या आहेत. द बॉटम आणि विंडवर्डसाइड यांना जोडणारी क्रिस्पीन वाट हा शतकानुशतकांचा हमरस्ता होता. वायव्येकडच्या मेरीज पॉइंट या कड्यावरच्या वस्तीत जायला पायवाटेशिवाय काही नव्हते. १९३४ मध्ये ती वस्ती उठवून लोकांना द बॉटमजवळ आणून वसवले. रानात दडलेले घरांचे चौथरे तिथे आजही दिसतात.

सगळ्यांत प्रसिद्ध वाट माउंट सीनरीची. विंडवर्डसाइडजवळून ती सुरू होते आणि १,०६४ पायऱ्या चढून माथ्यावर जाते. साधारण दीड तास पुरतो. पायऱ्या दगडी आणि सिमेंटच्या आहेत, शेवाळलेल्या, कायम ओल्या. जसजसे वर जावे तसे रान बदलते: खाली केळी आणि रानझाडे, मग माणसाहून उंच नेचे, आणि माथ्याजवळ ढगांत उभे असलेले, शेवाळाने लगडलेले खुजे जंगल. वर बहुतेक वेळा धुके असते. ते हटले तर सिंट युस्टेशियस, सेंट किट्स आणि सिंट मार्टेन दिसतात, नाही हटले तर पानांवरून गळणाऱ्या थेंबांचा आवाज ऐकत बसावे. वाटेत पायाजवळून लाल पोटाचा एक साप सळसळत गेला तर घाबरू नये. तो विषारी नाही, आणि जगात साबा व सिंट युस्टेशियस या दोनच बेटांवर तो आता उरला आहे. साबाचा ठिपकेदार सरडा तर फक्त साबावरच सापडतो. ज्वालामुखी झोपलेला आहे, मेलेला नाही. त्यावर शास्त्रज्ञांची नजर असते.

पाण्याखालचे साबा हे पर्यटक येण्याचे दुसरे मोठे कारण. १९८७ मध्ये बेटाभोवतीचा सगळा समुद्र, भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंत, सागरी उद्यान म्हणून राखीव झाला. ज्वालामुखीचे उतार पाण्याखालीही तसेच तीव्र आहेत. खोल तळातून सुळके उठतात आणि त्यांच्या टोकांवर प्रवाळ व स्पंज वाढलेले असतात. डायव्हिंगच्या बोटी फोर्ट बेहून सुटतात. प्रत्येक ठिकाणी बोया असल्याने नांगर टाकावा लागत नाही आणि प्रवाळ मोडत नाही. प्रत्येक डुबकीमागे उद्यानाला शुल्क द्यावे लागते, आणि देखभाल त्यातूनच होते. इथे क्रमाला महत्त्व आहे. खोल डुबकीनंतर रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. त्याआधी उंचावर गेले तर तो धोकादायक ठरतो. म्हणून माउंट सीनरी आधी चढावा, डायव्हिंग नंतर करावे, आणि शेवटची डुबकी व परतीचे विमान यांच्यात किमान एक पूर्ण दिवस ठेवावा.

ज्यांना फक्त पाण्यात पाय भिजवायचे आहेत त्यांच्यासाठी विमानतळाजवळ कोव्ह बे येथे वाळू आणून केलेला छोटा किनारा आहे. द बॉटमहून उतरणारा रस्ता जिथे संपतो त्या वेल्स बेला एक पाहुणा किनारा आहे: वसंतात समुद्र तिथे काळसर ज्वालामुखी वाळू आणून टाकतो आणि हिवाळ्याच्या लाटा ती परत घेऊन जातात. उन्हाळ्यात गेले तर किनारा, जानेवारीत गेले तर नुसते गोटे.

जाण्याचा काळ ठरवताना वादळांचा विचार आधी करावा. अटलांटिकचा चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो, त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर हे महिने जोराचे. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा वादळाने सिंट मार्टेनचा विमानतळ उद्ध्वस्त केला आणि साबाचे दार बाहेरून बंद झाल्यासारखे झाले. शेजाऱ्याच्या विमानतळावर हे बेट किती विसंबून आहे ते तेव्हा सगळ्यांना दिसले. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत हवा कोरडी आणि सुखद, दर मात्र चढे, आणि उत्तरेकडून येणाऱ्या लाटांमुळे बोटीचे वेळापत्रक कधी कधी कोलमडते. मे आणि जून हे महिने शांत. ऑक्टोबरमध्ये पावसाची शक्यता असली तरी ‘सी अँड लर्न’ हा निसर्गविषयक व्याख्यानांचा उपक्रम चालतो. शास्त्रज्ञ संध्याकाळी गावात बोलतात आणि दिवसा लोकांना रानात व समुद्रावर नेतात.

काही बारीकसारीक गोष्टी राहिल्या. वीज अमेरिकी पद्धतीची, ११० व्होल्टची, त्यामुळे भारतातली उपकरणे तपासून न्यावीत. रात्री विंडवर्डसाइडला गारवा असतो, एक स्वेटर लागतो. किराणा बहुतांश जहाजाने येतो. जहाज चुकले तर दुकानातली भाजी संपते, म्हणून शाकाहारी माणसाने आल्याबरोबर दुकानात फेरी मारावी. दवाखाना द बॉटमला आहे, गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने सिंट मार्टेनला नेतात, तेव्हा विमा काढलेला असावा. विकत घेण्यासारखी वस्तू म्हणजे साबाची लेस. व्हेनेझुएलातल्या कराकस शहरी एका मठात शिकून आलेल्या मेरी गर्ट्रूड जॉन्सन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला बेटावर आणली. पुरुष जहाजांवर गेलेले असत, तेव्हा बायका लेस विणून टपालाने अमेरिकेत विकत. बेटाला धक्का आणि रस्ता मिळण्याच्या कितीतरी आधी ती पाकिटे त्याच आठशे पायऱ्या उतरून जहाजावर जात. काही वयस्क बायका अजूनही ती विणतात.

परतीच्या दिवशी वाऱ्याचा अंदाज सकाळीच घ्यावा. आडवा वारा जास्त असेल तर विमान उतरत नाही, आणि अशा वेळी विंडवर्डसाइडच्या खानावळीत बसून फोनची वाट पाहावी लागते. सिंट मार्टेनहून पुढचे मोठे विमान दुसऱ्या दिवसाचे असेल, तर ती वाट पाहणे जड जात नाही.